गाव सोडल्यावर लागणारं आडनाव : इंदूरच्या 'कर'वाल्यांसाठी धागा

रामबागवाला

मंडळी, राजेंद्रनगर असो, लोकमान्यनगर असो की आमचं रामबाग, इंदुरातल्या कुठल्याही मराठी लग्नात पंगतीला बसा. डावीकडचे 'कर', उजवीकडचे 'कर', वाढणारेही 'कर'. मूळ गाव विचारलं की प्रत्येक जण आडनावातलं गाव ठोकून देतो. ते गाव कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या नदीवर, तिथे आता कोण राहतं, हे विचारलं की भजी वाढायला सांगतो.

आमचंही तसंच आहे. आम्ही वडगावकर. आता वडगाव कुठलं? वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, कोल्हापूरकडचं पेठ वडगाव, नगरजवळचं वडगाव गुप्ता, बारामतीकडचं वडगाव निंबाळकर. यादी इथे संपत नाही, मी थकलो म्हणून थांबलो. वडाचं झाड आणि चार घरं दिसली की आपल्या पूर्वजांनी वडगाव म्हणून टाकलं.

पण धागा काढायचं कारण दुसरंच आहे. बरीच वर्षं डोक्यात घोळतंय ते असं : 'कर' हे गावात राहणाऱ्याचं आडनाव नसतं, गाव सोडलेल्याचं असतं. वडगावात सगळेच वडगावचे, तिथे कुणाला वडगावकर म्हणून हाक मारून काय उपयोग? तिथे तुम्ही पाटलाचे, जोशाचे, सुताराचे, नाहीतर वरच्या आळीचे. वेस ओलांडली, दुसऱ्या मुलखात चाकरी धरली, तिथे आधीच तीन गणपतराव होते, मग तुम्ही 'वडगावकर गणपतराव' झालात. म्हणजे आडनाव आपण ठेवलेलं नाही, परक्या गावानं ठेवलंय.

सगळ्यात मोठा पुरावा राजवाड्यातच आहे. मल्हारराव होळकर १६९३ साली नीरा काठच्या होळ गावी जन्मले. वडील लहानपणीच गेले, आई पोराला घेऊन भावाकडे, भोजराज बारगळांकडे खानदेशात तळोद्याला आली. होळमध्ये राहिले असते तर त्यांना होळकर म्हणायची कुणाला गरज पडली असती? तळोद्याला आणि पुढे पेशव्यांच्या फौजेत ते होळकर. ज्या घराण्यानं आपलं शहर वाढवलं, त्याचंच आडनाव एका सोडलेल्या गावाचं आहे.

तुम्हाला काय वाटतं? आणि आपापल्या आडनावातलं गाव प्रत्यक्ष कुणी पाहिलंय का, तेही लिहा.

पोहेजिलबी

वाचून राहिलो आहे. विषय एकदम धांसू काढलात.

नीराकाठ

रामबागवाले, होळचा दाखला पटला, पण नियम करायची घाई नको. मी त्याच भागातला. आमच्याकडचे निंबाळकर घ्या. हे मूळचे पवार. फलटणजवळच्या निंबळक गावावरून निंबाळकर झाले. पण निंबळक सोडून गेले कुठे? फलटणला! हाकेच्या अंतरावर. पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच संस्थानिक. हे काही परागंदा झालेले नव्हेत.

एक गंमत सांगतो. तुम्ही यादीत 'वडगाव निंबाळकर' लिहिलंय. म्हणजे बघा, निंबळक गावावरून माणसाला निंबाळकर नाव मिळालं आणि मग त्या माणसाचं नाव दुसऱ्या गावाला लागलं. तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे, सगळी त्यातलीच. उद्या कुणी 'वडगावनिंबाळकरकर' निघाला तर मला आश्चर्य वाटायचं नाही.

रामबागवाला

@नीराकाठ, हसून पुरेवाट. पण फलटणला गेले म्हणजे गाव सोडलंच की! चार कोसांवर गेला तरी माणूस बाहेरचाच. परगण्याच्या कचेरीत उभा राहिला तरी 'कुठले तुम्ही?' हे विचारणारच. माझं म्हणणं अंतराचं नाही, विचारणारा कोण आहे त्याचं आहे.

लष्करची_लेक

ग्वाल्हेरहून. आमच्याकडे तुमच्या नियमाला मोठाच अपवाद बसलाय. शिंदे! राणोजी शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. माळव्यात आले, उज्जैन गाठलं, पुढे दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी टाकली तिचं 'लष्कर' हे शहर झालं आणि आमचा जन्म त्या छावणीत. एवढा प्रवास करून ते 'कण्हेरखेडकर' झाले नाहीत, शिंदेच राहिले. होळकर मात्र होळकर. दोघे एकाच पेशव्यांचे सरदार, एकाच काळात वर आलेले.

माझा अंदाज : शिंद्यांकडे पाटीलकी होती. वतनाच्या कागदावर कुळाचं नाव लागतं, ते कोण सोडणार? महादजींना शेवटपर्यंत 'पाटीलबाबा' म्हणवून घ्यायला आवडायचं, ते उगाच नाही. ज्याच्याकडे वतन नव्हतं त्याला गावाचं नाव पुढे करावं लागलं असेल.

आणि दुसरा मुद्दा. गावावरून आलेलं प्रत्येक आडनाव 'कर'नं संपतंच असं नाही. ग्वाल्हेरचे सरदार आंग्रे आमच्या माहितीचे. ते कान्होजी आंग्र्यांचं कूळ, मूळ आडनाव संकपाळ. अंगरवाडी नावाच्या गावावरून आंग्रे झाले. ऐकताना कुणाला वाटेल का यात गाव आहे म्हणून?

शिलेदार

सकपाळ-संकपाळ वाचलं आणि राहवलं नाही. इंदूरच्या धाग्यावर महूचा उल्लेख अजून कसा आला नाही?

बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीतला, १४ एप्रिल १८९१. वडील सुभेदार रामजी सकपाळ. गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालं ते 'भिवा रामजी आंबेडकर'. फौजेतलं कुटुंब, आज महू, उद्या दापोली, परवा सातारा. ज्या गावात राहणं जवळजवळ झालंच नाही, ते गाव नावात आलं. रामबागवाल्यांच्या म्हणण्याला याहून भक्कम आधार मिळणार नाही.

पण यात आणखी एक धागा आहे, तो सोडू नका. आडनावावरून जात ओळखायची खोड आपल्या लोकांना आहेच. 'कर' लावलं की ती ओळख पुसट होते. गाव सगळ्यांचं असतं. पाटलाचं, महाराचं, कुंभाराचं, जोशाचं. होळकर धनगर, निंबाळकर मराठा, चिपळूणकर कोकणस्थ. एकाच गावावरून चार जातींचे चार 'कर' निघू शकतात. ज्यांच्या मूळ आडनावात धंदा किंवा हिणवणूक होती अशा कितीतरी घरांनी पुढे राजपत्रात नाव बदलताना गावाचा आसरा घेतला. म्हणून काही घरांत 'कर' हे परक्यानं ठेवलेलं नाव नाही, विचार करून निवडलेलं आहे. रामबागवाले, तुमच्या मांडणीत ही बाजू यायला हवी.

अंत्रुजकार

मूळ गोव्याचा, फोंड्याकडचा, नोकरीनिमित्त पीथमपूरला. इथले लोक मला 'गोवेकर' म्हणतात, घ्या आणखी एक पुरावा.

आमच्याकडे 'कर'चा 'कार' होतो. मराठीत लिहिताना शिरोडकर, घरात बोलताना शिरोडकार. बोरकर बोरीचे, पर्रीकर पर्र्याचे, प्रियोळकर प्रियोळचे, लोटलीकर लोटलीचे, कुंकळ्येंकार कुंकळ्ळीचे. गोवा एवढासा, त्यामुळे कुठलं गाव हा घोळ तुमच्या वडगावांइतका होत नाही.

पण आमच्याकडे गाव सोडण्याला एक वेगळी कथा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टी-बार्देशातली देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्यात आणले. तेव्हा तिथे आदिलशाही होती. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० साली प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. म्हणजे माणसांआधी देवच निर्वासित झाले. देव जिथे बसला ती वाडी 'मंगेशी' झाली, आणि त्या मंगेशीवरून मंगेशकर.

आता तुमच्या इंदूरचं. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९, इंदूर. दीनानाथांच्या घरचं आडनाव हर्डीकर, हेही 'कर'च. नाटकात उतरल्यावर दीनानाथांनी मंगेशीचं नाव घेतलं. एका 'कर'वर दुसरा 'कर' चढला, तोसुद्धा अशा जागेचा जिचं नाव स्थलांतरित देवावरून पडलेलं. आणि जन्म झाला तिसऱ्याच गावात, शीख मोहल्ल्यात.

बाकी गोव्यात गाव न सोडणाऱ्यांचंही आडनाव आहे बरं का. गांवकार! गावकीतले मूळ हिस्सेदार. १५२६ च्या फोरालमध्येही, म्हणजे पोर्तुगीजांच्या सनदेतही, गांवकारांचे हक्क नोंदलेत. म्हणजे गावात राहिला तो गांवकार, बाहेर पडला तो अमुकगावकार. रामबागवाल्यांचा नियम आमच्या भाषेनं आधीच करून ठेवलाय.

मालवी_मिसळ

अंत्रुजकार, दंडवत! वाचनखूण साठवली.

गायकांचा विषय निघालाच आहे तर विष्णु दिगंबर. घरचं आडनाव गाडगीळ, गाव पलूस, म्हणून पलुस्कर. गाणं शिकले ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे, आणि बुवांचं गाणं ग्वाल्हेरचं. गवयांची जातच फिरस्ती, म्हणून त्यांच्यात 'कर' फार असावेत.

सुरसागर

बडोद्याहून हजेरी. गायकवाडांच्या आडनावात गाव नाही. त्यात गाय आणि कवाड आहे असं घराण्यातली कथा सांगते. गाव म्हणाल तर खेडकडचं दावडी. दावडीकर नाही झाले.

पण बडोद्यानं एक 'कर' दिला आणि तो रामबागवाल्यांच्या बाजूचा आहे. हिराबाई बडोदेकर. जन्म १९०५ चा, मिरजेचा. वडील अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने, आणि बडोदा या दोघांच्या आयुष्यातलं मोठं ठाणं, कारण खाँसाहेब तिथे दरबारी गायक होते. एका बहिणीचं नाव झालं सरस्वती राणे, भावाचं सुरेशबाबू माने, आणि हिराबाईंचं बडोदेकर. एकाच घरात तीन आडनावं. बडोद्यात बसून कुणी बडोदेकर होत नाही, त्यासाठी मुंबई-पुण्याचं श्रोतृवृंद लागतं.

पोहेजिलबी

मग माझा बाळबोध प्रश्न. आपले लोक इंदुरात अडीचशे वर्षांपासून आहेत. मग आपण 'इंदूरकर' का नाही झालो?

दफ्तरी

पोहेजिलबी, प्रश्न बाळबोध नाही, धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. आयुष्य जुन्या कागदांत गेलं म्हणून थोडं लांबण लावतो.

आज आपण आडनाव म्हणतो तसं एक ठाम, कायमचं, बापाकडून मुलाकडे जाणारं नाव पेशवाईच्या कागदांत क्वचित सापडतं. नाव आणि बापाचं नाव, एवढ्यावर काम चालायचं. नाना फडणीस कागदावर 'बाळाजी जनार्दन'. त्यांचं कुलनाम भानू, ते किती जणांना माहीत आहे? फडणीस हा हुद्दा. हुद्दा, गाव, कुलनाम, टोपणनाव ही सगळी एकाच वेळी चालू असायची आणि कोण विचारतोय त्यावर कुठलं सांगायचं ते ठरायचं. सख्ख्या भावांत एक हुद्द्यानं ओळखला जायचा, दुसरा गावानं.

उत्तरेत आलेल्यांची तर आणखी मजा. गोविंदपंत बुंदेले आठवा, पानिपतापूर्वी डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीची रसद तोडताना मारले गेले ते. हे गोविंद बल्लाळ खेर, रत्नागिरीकडच्या नेवऱ्याचे. बुंदेलखंडाचा कारभार केला म्हणून बुंदेले! कोकणातल्या माणसाला उत्तरेतल्या मुलखाचं नाव चिकटलं, पण ते चिकटवलं पुण्याच्या दफ्तरानं. बुंदेलखंडात त्यांना कोण बुंदेले म्हणणार?

उलट दिशेचं उदाहरण तात्या टोपे. येवल्याचा जन्म, येवलेकर. पण टोपे हे नाव वर चढलं आणि गावाचं गळून पडलं. १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत फाशी गेले ते तात्या टोपे म्हणून.

आता तुमच्या प्रश्नाकडे. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, कारभारी कुटुंबं इथे स्थिरावली. त्यानंतर आल्या इंग्रजी शाळा, कोर्ट, पेन्शनचे कागद, रेल्वेच्या नोकऱ्या. प्रत्येक अर्जात एक रकाना, त्यात एकच शब्द भरायचा. ज्या दिवशी तो रकाना भरला त्या दिवशी माणूस इंदुरातच उभा होता. इंदुरात उभ्या माणसाला इंदूरकर कोण म्हणणार? त्यानं आजोबा ज्या नावानं इथे ओळखले जायचे ते सांगितलं. तेच गोठलं. त्यानंतर आपण भोपाळला गेलो, पुण्याला गेलो, अमेरिकेला गेलो, पण रकाना बदलला नाही.

नीराकाठ

दफ्तरी काका, 'इंदूरकर' आडनाव आहे मात्र. माझ्या वर्गात होता एक. नांदेडकडचा.

दफ्तरी

मग त्याला आपल्या इंदूरचा समजू नका. तेलंगणातल्या निजामाबादचं जुनं नाव इंदूर. नांदेडला ते शेजारचं. शिवाय मावळात तळेगावजवळ इंदुरी आहे, अकोले तालुक्यात इंदोरी आहे. नावात गाव दिसलं की लगेच आपल्या ओळखीच्या गावाकडे बोट दाखवायचं नाही.

लष्करची_लेक

हे फार महत्त्वाचं. आमच्या माहेरी देवळालीचे नातेवाईक आहेत. सगळ्यांना वाटतं नाशिकरोडजवळची छावणीची देवळाली. ती नव्हे, राहुरीकडची देवळाली प्रवरा.

इंदूरवाल्यांना देवळालीकर म्हटलं की आणखी एक आठवायला हवेत. दत्तात्रय दामोदर देवळालीकर, इंदूरच्या चित्रकला शाळेचे गुरुजी. चित्रकार बेंद्रे आणि हुसेन दोघेही त्यांच्या हाताखालून गेले. तसेच उज्जैनचे वाकणकर, ज्यांनी १९५७ मध्ये भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणली. जन्म नीमचचा. वाकण नागोठण्याजवळ आहे, पोलादपूर भागातही आहे. चित्रं शोधायला आख्खा विंध्य पालथा घातला आणि नावात कोकणातलं वळण.

अवांतर : बायकांचं कुणी बोलतच नाहीये. मी माहेरची एका गावाची 'कर', सासरची दुसऱ्या. दोन्ही गावं पाहिलेली नाहीत. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, आणि बँकेतला मुलगा विचारतो, "मॅडम, दोनों में से आप कहाँ की हैं?" मी म्हटलं, लश्कर की.

मालवी_मिसळ

हिंदीत लिहिताना 'ळ' जातो ती डोकेदुखी निराळीच. इंदुरातली 'पलसीकर कॉलनी' घ्या. रिक्षावाल्याला पळशीकर म्हणालात तर तो आणखी दोनदा विचारेल. होळकरांचं 'होल्कर' झालं, काळ्यांचे 'काले'. आता कुणाचा नातू 'पलसी' नावाचं गाव नकाशावर शोधायला बसला तर सापडणार कसं? पळशी शोधलं तर एकाहून जास्त सापडतील, तो आणखी वेगळा ताप.

शिलेदार

गावच काय, देशसुद्धा आडनावात येतो. राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा, १९७३. घर मराठी. पण द्रविड म्हणजे दक्षिणेकडून महाराष्ट्रात आलेले. तसेच तैलंग, तसेच कानडे. लांबून आलेल्याला गाव कोण विचारतो? त्याचा अख्खा मुलूखच आडनाव होतो. आपल्याला पुण्यात गेल्यावर 'एमपीवाले' म्हणतात, तेच.

रामबागवाला

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा बराच पुढे गेला. शिलेदार, 'निवडलेलं गाव' ही बाजू मला मान्य. लष्करच्या ताईंचा वतनाचा मुद्दाही घेतो : वतन असलं की कुळाचं नाव टिकतं, नसलं की गावाचं लागतं. पण निंबाळकरांचं काय करायचं? देशमुखी असूनही गावाचं नाव. त्यावर नीराकाठ यांनीच लिहावं.

आता व्यवहाराचं. आमच्या वडगावांपैकी आमचं कुठलं, हे मला या वर्षी नाशिकला जाऊन लावायचंय. काकांच्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड सापडलं, पणजोबांना पंचवटीच्या उपाध्यायांनी लिहिलेलं. शाई पिवळी पडलीय, पण 'वह्यांत आपली नोंद आहे' एवढं वाचता येतं. दफ्तरी काका, तिथे नेमकं काय पाहायला मिळतं?

दफ्तरी

नामावळी. लांबट वह्या, लाल कापडात बांधलेल्या, जुनी पानं मोडीत. यात्रेला आलेल्यानं स्वतःच्या हातानं किंवा कारकुनाकडून बाप, आजा, भाऊ, मुलं यांची नावं लिहायची, खाली सही. कामाची ओळ शेवटची असते : मूळ गाव अमुक, हल्ली वस्ती अमुक. कधी परगण्याचं नावही असतं. तुमच्यासारख्या वडगावकरांना तो परगणाच उपयोगी, त्यावरून बाकीची सगळी वडगावं एका फटक्यात बाद होतात.

जाताना चार गोष्टी बरोबर असू द्या : पणजोबांच्या वर जेवढी नावं मिळतील तेवढी, गोत्र, कुलदैवत, आणि ते पोस्टकार्ड. उपाध्याय गावानुसार वाटून घेतलेले असतात, त्यामुळे 'वडगावकर' एवढं सांगून भागणार नाही, इंदूरची यजमानकी कुणाकडे ते आधी विचारा. मोडी येत नसेल तर पानाचा फोटो काढायची परवानगी मागा आणि इथे टाका. मोडीत शब्द एकमेकांना चिकटलेले असतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, घाईनं वाचाल तर भलतंच गाव पदरात पडेल.

पोहेजिलबी

काका, माझंही एक. आम्ही पिंपळगावकर. कुलदैवत वणीची सप्तशृंगी. मग आमचं पिंपळगाव बसवंतच ना? वणीच्या जवळचं तेच.

दफ्तरी

जवळचं आहे म्हणून तुमचं होत नाही. सप्तशृंगी खानदेशातल्या कितीतरी घरांची कुलदेवी आहे आणि पिंपळगावं तिकडेही पडलीत. रामबागवाल्यांबरोबर तुम्हीही जा, इंदूरहून रात्रीची बस सकाळी नाशिकला सोडते. फक्त अधिक महिना आणि श्रावणी सोमवार टाळा, त्या गर्दीत वही उघडायला कुणाला वेळ नसतो.